खिशातील घड्याळाच्या साखळीला कोणते लटकन लावावे?

अर्धविराम
वडिलांचे खिशातील घड्याळ दुरुस्त होऊन गेल्या महिन्यात माझ्या हाती आले. घड्याळ आता उत्तम चालते, परंतु प्रश्न त्याच्या साखळीचा आहे. साखळी एकपदरी आहे. तिच्या एका टोकाला घड्याळ अडकवायची फिरती कडी आहे आणि दुसऱ्या टोकाला जाकिटाच्या काजात घालायची आडवी दांडी आहे. त्या दांडीपाशीच दोन बोटे लांबीची एक आखूड साखळी खाली सोडलेली आहे. या आखूड साखळीच्या टोकाची कडी रिकामी आहे. तिच्यात पूर्वी काही होते की नाही, हे घरात कोणालाच आठवत नाही.

घड्याळ दिवसातून चार-पाच वेळा खिशाबाहेर येते. लटकन मात्र सतत समोरच्याच्या नजरेत असते. म्हणून तेथे काहीतरी अर्थपूर्ण असावे असे वाटते. विक्रीस असलेल्या लटकनांमध्ये नांगर, घुबड, कवटी, घोड्याचे डोके आणि वाफेचे इंजिन हे प्रकार पुन्हा पुन्हा दिसले. यांपैकी एकाचाही माझ्या वडिलांशी काडीचा संबंध नाही. आपण आपल्या साखळीचे लटकन कसे निवडले, आणि निवडताना आकार, वजन व धातू यांचा कोणता विचार केला, हे कृपया सांगावे.

घटिका
आपण वर्णन केलेल्या साखळीला 'सिंगल अल्बर्ट' म्हणतात. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्यावरून हे नाव पडले. आडव्या दांडीपासून दोन्ही बाजूंना साखळी जात असेल, तर ती 'डबल अल्बर्ट' होय. तिच्या एका टोकाला घड्याळ असते आणि दुसऱ्या खिशात काडेपेटीची डबी, छोटा चाकू, लाखेवर ठसा उमटवायची मोहोर किंवा सोन्याची नाणी ठेवण्याची कमानीची डबी असते. त्यामुळे लटकन निवडण्याआधी ते बाहेर लोंबणार आहे की दुसऱ्या खिशात बसणार आहे, हे ठरवावे लागते. आपल्या साखळीत ते बाहेर लोंबणार, म्हणजे दोन्ही बाजूंनी दिसणार, आणि टेबलाच्या कडेला आपटणारसुद्धा.

लटकनाला इंग्रजीत 'फॉब' म्हणतात, पण हा शब्द मुळात लटकनाचा नव्हेच. तुमानीच्या कमरपट्ट्यातील घड्याळाच्या छोट्या खिशाला तो शब्द होता. त्या खिशातून बाहेर लोंबणाऱ्या फितीला तो चिकटला, आणि पुढे फितीच्या टोकाच्या दागिन्याला. जीन्सच्या उजव्या खिशात जो एक चिमुकला खिसा असतो, तो याच घड्याळाच्या खिशाचा वारसदार आहे.

सावकाश
त्या चिमुकल्या खिशात मी आजवर फक्त धुऊन लगदा झालेली तिकिटे ठेवली आहेत, त्यामुळे ही माहिती वाचून मला किंचित अपराधी वाटत आहे.

कानस
मी धातूकाम करतो, त्यामुळे अर्थाचा भाग इतरांवर सोडून कारागिरीपुरते लिहितो.

लटकन घड्याळाच्या मानेवरच्या कडीत कधीही अडकवू नये. खिशात घड्याळ आणि लटकन एकमेकांवर घासत राहतात. वर्षभरात झाकणावरचे नक्षीकाम पुसट होते आणि काचेवर अर्धगोलाकार ओरखडे उमटतात. आखूड साखळी दांडीपाशी असते ती याचसाठी. तिचा वापर करावा.

वजनाबाबत माझा अनुभव असा आहे, की दहा-बारा ग्रॅमपर्यंतचे लटकन जाणवत नाही. वीसच्या पुढे गेले की ते काजाला खाली ओढू लागते आणि जाकीट एका बाजूला कललेले दिसते. ज्या कडीने लटकन जोडतो ती झाळून बंद करावी. नुसती दाबून मिटवलेली कडी लोकरीच्या धाग्यात अडकते, उघडते, आणि लटकन पडल्याचे संध्याकाळी घरी आल्यावर कळते. माझ्याकडे अशा प्रकारे हरवलेल्या वस्तूंच्या प्रतिकृती बनवायला जितके लोक येतात, तितके नव्या वस्तूंसाठी येत नाहीत.

निळीशाई
माझ्या मते लटकनाचा सर्वांत सुंदर प्रकार मोहोर हाच आहे. माझ्याकडे आजोबांची एक मोहोर आहे. तिच्यात तांबूस अकीक बसवलेला असून त्यावर त्यांच्या नावाची दोन अक्षरे खोल कोरली आहेत. अकीक निवडण्यामागे निव्वळ हौस नव्हती. तो कठीणपणात पोलादी चाकूच्या पात्याच्या वरचढ ठरतो, त्याच्यावर बारीक रेघा टिकतात, आणि वितळलेली लाख त्याला चिकटून बसत नाही. मोहोर उचलली की ठसा स्वच्छ सुटतो. लाखेवर ती टेकवण्याआधी आजोबा तिच्यावर तोंडाची वाफ सोडत असत. त्या क्षणी दगड धूसर होई आणि अक्षरे आणखी खोल गेल्यासारखी भासत.

त्या मोहोरीसारखीच दुसरी मी स्वतःसाठी करवून घेतली आणि फसले. कोरणाऱ्याने अक्षरे सरळ कोरली. दगडाकडे पाहिले की नाव नीट वाचता येते, आणि लाखेवर उमटवले की उलटे. मोहोरीवर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी असावी लागतात, ही गोष्ट मी त्याला सांगायला हवी होती. त्याला ती ठाऊक असेल, असे मी गृहीत धरले.

तिसराकाटा
निळीशाई यांचा अनुभव रोचक आहे, परंतु मला मोहोर पटत नाही. आपल्यापैकी कोणी पत्राला लाख लावून बंद करतो काय? ज्या वस्तूचे काम संपले, ती साखळीला अडकवल्याने अर्थपूर्ण होत नाही. ती केवळ देखावा ठरते. माझ्या मते लटकन कामाचे असावे. माझ्या साखळीला घड्याळाची किल्ली आहे, कारण माझे घड्याळ किल्लीचे आहे आणि ती नसेल तर दुसऱ्या दिवशी ते बंद पडते.

हे लिहिताना एक गंमत लक्षात आली. घड्याळजी एड्रियन फिलिप यांनी १८४०च्या दशकात मुंडी, म्हणजे घड्याळाच्या डोक्यावरची गोल खुंटी, फिरवून चावी भरण्याची रचना विकसित केली आणि पुढे सुटी किल्ली हळूहळू नाहीशी झाली. मराठीत मात्र आपण मुंडीच्या घड्याळालाही 'किल्ली देतो'. वस्तू गेली आणि क्रियापद राहिले. ज्यांचे घड्याळ मुंडीचे आहे, त्यांनीसुद्धा या क्रियापदाच्या स्मरणार्थ एक किल्ली लटकवावी, असे मी सुचवीन.

घटिका
तिसराकाटा यांच्या बोलण्यातच त्यांचे खंडन आहे. मुंडीच्या घड्याळाला किल्ली लटकवणे हाही कामाविना देखावाच झाला, नाही का?

किल्लीवरून आठवले. अमेरिकेतील 'फाय बीटा कॅपा' ही विद्वत्संस्था १७७६ साली स्थापन झाली. तिचे सन्मानचिन्ह आरंभी चौकोनी चांदीचे पदक होते. सदस्य ते घड्याळाच्या साखळीला लावत. पुढे त्या पदकाला घड्याळाला किल्ली देता यावी म्हणून खाली एक दांडा जोडला गेला आणि पदकाची 'की' झाली. आज त्या दांड्याने कोणीही घड्याळ चालवत नाही, तरी चिन्हावर तो दांडा आहे. उपयोग संपल्यावरही आकार टिकतो आणि त्या टिकण्यालाच अर्थ येतो. म्हणून निळीशाई यांच्या मोहोरीला मी 'देखावा' म्हणणार नाही.

तिसराकाटा
खंडन मान्य आहे. किल्ली मात्र काढणार नाही.

जुनीकडी
अर्धविराम, आपण जुन्या चांदीच्या ढालींचा विचार केला आहे काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये फुटबॉल, सायकल शर्यत, बिलियर्ड्स, जलतरण अशा स्पर्धांतील विजेत्यांना साखळीला लावण्याजोगी छोटी पदके देत असत. बहुतेकांचा आकार ढालीसारखा असतो. मधोमध नाव कोरण्यासाठी गुळगुळीत जागा सोडलेली असते, आणि कधी कधी त्यावर सोन्याचा पातळ थर असतो. मागे हॉलमार्क असतात. चालत्या सिंहाचे चिन्ह म्हणजे चांदी ९२५ शुद्धतेची आहे, नांगराचे चिन्ह म्हणजे पारख बर्मिंगहॅमला झाली आहे, आणि एका अक्षरावरून वर्ष काढता येते. नांगर पाहून त्या माणसाचा समुद्राशी संबंध असावा, असा तर्क करणारे लोक मला भेटले आहेत. बर्मिंगहॅम समुद्रापासून बरेच दूर आहे.

माझ्याकडे अशा सात ढाली आहेत. मी त्या आलटून पालटून लावतो.

निळीशाई
जुनीकडी, यांपैकी किती स्पर्धा आपण जिंकलात?

जुनीकडी
एकही नाही. एक ढाल जलतरणाची आहे आणि मला पोहता येत नाही.

तरीही प्रश्न गंभीरपणे घेतो. माझ्या ढालींपैकी तीनच कोरलेल्या आहेत. बाकीच्यांची जागा कोरीच आहे. म्हणजे त्या कधी कोणाला दिल्या गेल्या नाहीत, किंवा जिंकणाऱ्याला नाव कोरून घेणे परवडले नाही. कोऱ्या ढालीवर आपले अक्षर कोरण्यास मला हरकत वाटत नाही. कोरलेल्या ढालीवरचे परके नाव घासून आपले कोरणे मात्र मी कधीच केले नाही. कोणा अनोळखी माणसाचा एक चांगला दिवस माझ्या पोटावर लोंबतो आहे, इतक्यावर मी समाधानी आहे.

पितळीडबा
मी येथे एक इशारा देण्यासाठी लिहीत आहे. मला भटकंतीची आवड आहे, म्हणून होकायंत्राचे लटकन मला अत्यंत समर्पक वाटले. दिसायलाही ते देखणे होते. कडी उघडझाप करताना त्रास नको म्हणून मी त्यासोबत चुंबकाने मिटणारा आकडाही घेतला. दोन आठवड्यांत घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागले. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र उघडून मला भिंगातून दाखवले. तोलचक्राच्या केसासारख्या बारीक कमानीचे वेढे एकमेकांना चिकटले होते. वेढे चिकटले की कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ घाई करू लागते. चुंबकत्व उतरवण्याच्या यंत्रातून घड्याळ एकदा फिरवले आणि आजार गेला.

दोष त्या आकड्याचा होता. होकायंत्राच्या सुईचे चुंबकत्व त्यामानाने क्षीण असते. तरीही शेजारी पोलादी घड्याळ असताना सुई उत्तर सोडून घड्याळाकडेच पाहत राहते. म्हणजे दिशा दाखवण्याच्या कामीही ते आले नाही.

घटिका
पितळीडबा यांच्या अनुभवाला एक पुरवणी जोडते. भौतिकशास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ साली निकेल आणि पोलादाचा, तापमानाने जवळजवळ न प्रसरणारा 'इन्व्हार' हा मिश्रधातू शोधला. पुढे त्यांच्याच संशोधनातून तापमानाने ताठरपणा न बदलणारा 'एलिन्व्हार' आला आणि तो घड्याळांच्या कमानींसाठी वापरला जाऊ लागला. चुंबकाचा परिणामही त्याच्यावर साध्या पोलादापेक्षा कमी होतो. गियोम यांना १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्यांचे घड्याळ त्याआधीच्या साध्या निळ्या पोलादी कमानीचे आहे, त्यांनी चुंबकापासून विशेष दूर राहावे.

सावकाश
उत्तर सोडून घड्याळाकडे पाहणारी सुई हे माझ्या कार्यालयीन जीवनाचे तंतोतंत वर्णन आहे.

आडवाटेचा
नाण्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. नाणे लटकन म्हणून चांगले दिसते, परंतु त्याला भोक पाडू नये. भोक पाडले की संग्राहकांच्या दृष्टीने त्याची किंमत जाते आणि ती परत येत नाही. नाण्याभोवती चौकट करून घ्यावी.

याला एक मोठा अपवाद आहे. इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियाला हद्दपार होणारे कैदी जाण्याआधी तांब्याचे नाणे घासून सपाट करीत आणि त्यावर आपले नाव, तारीख किंवा निरोपाच्या चार ओळी कोरून आप्तांना देत. यासाठी १७९७ सालचे जाडजूड 'कार्टव्हील' पेनी विशेष वापरले जाई. त्याचा व्यास ३६ मिलिमीटर आणि वजन एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. नॅशनल म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलियाच्या संग्रहात अशी तीनशेहून अधिक नाणी आहेत. काही ठिपक्याठिपक्यांनी टोचून लिहिलेली आहेत, तर काही सराईत हाताने कोरलेली. अनेकांना अडकवण्यासाठी भोकही आहे. येथे नाणे बिघडवणे हाच त्याचा अर्थ आहे. त्यामुळे 'नाण्याला हात लावू नये' हा नियम मी स्वतःच मांडून स्वतःच मोडतो.

कानस
२८ ग्रॅमचे नाणे आखूड साखळीला लावल्यास जाकिटाचे काज फाटेल, हे नम्रपणे नमूद करतो.

निळीशाई
व्हिक्टोरियाच्या काळातील आणखी एक प्रकार सांगते, जो मला आवडतो आणि थोडी भीतीही घालतो. मृत किंवा दूर असलेल्या माणसाच्या केसांची वेणी घालून घड्याळाची साखळीच विणत असत. टोकांना तेवढी सोन्याची टोपणे. १८६१ साली अल्बर्ट वारले, राणीने शोकवस्त्रे शेवटपर्यंत उतरवली नाहीत, आणि अशा शोकाच्या दागिन्यांना मोठी मागणी आली.

त्याच्या उलट, आनंदी प्रकारही होता. रत्नांच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून शब्द करायचा. रूबी, एमराल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा रूबी आणि डायमंड अशी ओळ बसवली की 'रिगार्ड', म्हणजे जिव्हाळा, असा शब्द होतो. ज्याला ठाऊक आहे त्यालाच तो वाचता येतो. अर्थ दडवलेला असावा, हे मला पटते.

सावकाश
मी हा प्रयोग मराठीत करून पाहिला. गोमेद, पाचू आणि लसण्या ही तीन रत्ने ओळीने बसवली असता 'गोपाल' असा शब्द तयार होतो. ज्यांच्या आयुष्यात गोपाल नावाची व्यक्ती नाही, त्यांच्यासाठी माणिक आणि नीलम मिळून 'मानी' होतो. 'जिव्हाळा' लिहिण्यासाठी लागणारी रत्ने अद्याप जमिनीतच असावीत.

तिसराकाटा
लसण्या आणि गोमेद ठीक आहेत. मोती मात्र कोणी बसवू नयेत. मोत्याचा कठीणपणा मोह्जच्या मापाने अडीचच्या आसपास असतो आणि अकीकाचा साडेसहा ते सात. बाहेर लोंबणाऱ्या लटकनातील मोती सहा महिन्यांत निस्तेज होतो. ओपलचेही तसेच, तो आपटून तडकतो. मिनाकाम सुंदर दिसते, परंतु त्याचा टवका उडाला की दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते.

सावकाश
आता थोडे गंभीर होतो. आपण सर्वांनी आपापली लटकने दाखवली, पण ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. अर्धविराम, आपले वडील काय करीत होते?

अर्धविराम
सर्वांचे आभार. मी सर्व प्रतिसाद वाचत होतो, आणि खरे सांगायचे तर कोरी ढाल घेण्याच्या विचारापर्यंत आलो होतो.

वडील छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवत असत. एकतीस वर्षे त्यांनी तेच काम केले. डाव्या हातात खिळे जुळवायची पट्टी म्हणजे स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या पेटीच्या, म्हणजे केसच्या, खणांवर, आणि नजर बहुधा हस्तलिखितावर. कोणता खिळा कोणत्या खणात आहे हे त्यांची बोटे जाणत. हे घड्याळही ते याच कारणाने खिशात ठेवत असावेत. मनगटावरचे घड्याळ शाईने आणि राॅकेलने माखले असते.

सावकाश यांच्या प्रश्नामुळे मी त्यांची पेटी पुन्हा उघडली. एका पत्र्याच्या डबीत कापसात गुंडाळलेला एक खिळा निघाला. अक्षर 'घ' आहे, म्हणजे बहुधा घड्याळाचा 'घ'. इतका समर्पक योगायोग पाहून मी चकित झालो आहे. हा खिळाच साखळीला लावता येईल काय?

कानस
कल्पना उत्तम आहे, परंतु तो खिळा जसाच्या तसा लावू नये. खिळ्याचा धातू म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे मिश्रण. तो मऊ असतो, कपड्यांना काळे डाग पाडतो, आणि शिसे दिवसभर हाताळणे आरोग्याला बरे नाही. त्याला कडी झाळणेही शक्य नाही. झाळण्याच्या ज्योतीपुढे धरला तर कडी बसण्याआधी खिळ्याचेच पाणी होईल. शिवाय कोणताही जाणता सोनार शिशाला आपल्या पाटाजवळ येऊ देत नाही. शिशाचा कण चांदीवर राहिला आणि ती तापवली, तर शिसे चांदीला खात आत उतरते. सोन्यात अंशमात्र शिसे मिसळले तरी सोने ठिसूळ होते.

मार्ग असा आहे. साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या सिलिकॉन रबरात खिळ्याचा साचा घ्यावा, त्यात मेण ओतून मेणाचा खिळा करावा, आणि त्यावरून चांदीत ओतीव काम करावे. मूळ खिळ्याला उष्णता लागत नाही आणि तो डबीत परत जातो. खिळ्याची उंची सुमारे २३.३ मिलिमीटर असते, म्हणजे सोन्याच्या सॉव्हरिन नाण्याच्या व्यासाहून जेमतेम एक मिलिमीटर अधिक. आठ बाय पाच मिलिमीटरचा खिळा धरल्यास चांदीत तो दहा ग्रॅमच्या आत बसेल. ओतकामात तो किंचित आकसेल, पण आपल्याला त्याने छापायचे नाही. कडी पायाच्या बाजूला बसवावी. मग अक्षर खाली राहील आणि कडा थोड्या गोल केल्या की कापडालाही टोचणार नाही.

निळीशाई
आता मला राहवत नाही. खिळा हीसुद्धा मोहोरच आहे! अक्षर उलटे, वर उचललेले, आणि उमटल्यावरच सरळ होणारे. तिसराकाटा यांनी या वेळी आक्षेप घेऊ नये, ही विनंती.

अर्धविराम, माझ्या अनुभवावरून एक सूचना करते. साचा घेण्याआधी खिळा शाईच्या गादीवर टेकवून कागदावर एक ठसा घ्या. उलट्या अक्षराकडे नुसते पाहून आपली नजर आपल्याला हवे तेच वाचते.

तिसराकाटा
आक्षेप नाही. ज्या साधनावर माणूस एकतीस वर्षे जगला, त्याला मी देखावा म्हणू शकत नाही.

जुनीकडी
माझे मत थोडे वेगळे आहे. 'घ' म्हणजे घड्याळ हा अर्थ फार उघड आहे. घड्याळाला घड्याळाचे अक्षर लावणे म्हणजे छत्रीवर 'छत्री' असे लिहिण्यासारखे झाले. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर अधिक शोभेल.

आडवाटेचा
जुनीकडी यांच्याशी असहमत आहे. आद्याक्षर कोणाचेही करून मिळते. हा एक खिळा त्यांनी कापसात गुंडाळून ठेवला होता. का ठेवला, हे आधी शोधावे.

अर्धविराम
निळीशाई, आपण सांगितल्याप्रमाणे ठसा घेतला. अक्षर 'घ' नाही. ते 'ध' आहे.

बारीक अक्षर, वर्षानुवर्षांची वाळलेली शाई आणि आरशातली आकृती यांमुळे वरची गाठ मला दिसलीच नाही. कागदावर 'ध' उमटलेला पाहून मी थोडा खट्टू झालो, कारण वडिलांच्या नावात, आईच्या नावात किंवा आडनावात कोठेही 'ध' नाही. तो कागद आईला दाखवला. तिने चष्मा लावला आणि ती हसू लागली. बराच वेळ हसल्यानंतर तिने जे सांगितले, ते असे.

वडील नोकरीला लागल्याच्या पहिल्या वर्षी एका घड्याळजीची जाहिरातपत्रके छापायला आली होती. पत्रके छापून, कापून, गठ्ठे बांधून झाली, तेव्हा मथळ्यात 'जुनी धड्याळे दुरुस्त करून मिळतील' असे छापल्याचे लक्षात आले. आदल्या कामाचे खिळे सोडवताना कोणीतरी 'ध' हा 'घ'च्या खणात टाकला होता आणि वडिलांच्या बोटांनी खणावर विश्वास ठेवला होता. छापखान्याच्या मालकांनी त्यांचा दोन दिवसांचा पगार कापला. घड्याळजी मात्र शांतपणे पत्रके घेऊन गेला. चूक दाखवण्यासाठी का होईना, लोक दुकानात येतील, असे तो म्हणाला. तो खिळा वडिलांनी त्या दिवशी केसमधून काढून घेतला आणि खिशात घातला. खिळे सोडवणारा कोण होता हे त्यांना ठाऊक होते, असे आई म्हणते, पण त्याचे नाव त्यांनी तिलाही कधी सांगितले नाही. पुढे हे घड्याळ त्यांनी त्याच दुकानातून घेतले काय, हे तिला सांगता आले नाही आणि वडिलांना विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

चांदीत 'ध' ओतून घेण्याचे ठरवले आहे.

जुनीकडी
माझी छत्रीची उपमा मी मागे घेतो.

घटिका
छपाईतील चुका मुद्राराक्षसाच्या माथी मारण्याची आपली जुनी रीत आहे. मुद्राराक्षस पकडून डबीत ठेवल्याचे उदाहरण मात्र मी प्रथमच वाचत आहे.

कानस
ओतकाम करणाऱ्याला अक्षराची बाजू घासून चकचकीत करू देऊ नका. झिलई चढवताना बारीक गाठी आणि कोपरे सर्वप्रथम जातात. 'ध'ची गाठ गेली, तर तेथे 'घ' तयार होईल आणि वडिलांची चूक दुरुस्त होऊन बसेल.

अर्धविराम
तीन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. लटकन तयार झाले आणि गेल्या आठवड्यापासून साखळीला आहे. वजन साडेनऊ ग्रॅम भरले. अंगच्या बाजू उजळ केल्या आहेत, अक्षराचा भाग तसाच खरबरीत ठेवला आहे, आणि खाचांमधली चांदी मुद्दाम काळी राहू दिली आहे. कानस यांची सूचना कारागिराला लिहूनच दिली होती. तरीही त्याने दोनदा दूरध्वनी केला. पहिल्यांदा अक्षर उलटे आहे हे सांगण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा, ते घड्याळाला लावायचे असेल तर 'घ' नको काय, असे विचारण्यासाठी.

सावकाश
धाग्याचे शीर्षक 'खिशातील धड्याळाच्या साखळीला कोणते लटकन लावावे?' असे बदलून घ्यावे, असा ठराव मी मांडतो.

निळीशाई
ठरावाला अनुमोदन.

अर्धविराम
प्रयत्न केला. संपादनाची मुदत संपली आहे.